पिढीजात गोधडी आणि निळी पेन्सिल

माणसाने हॉस्पिटलच्या व्हरांड्यात उभं राहून काहीही बोलू नये. तिथे माणूस एकतर घाबरलेला असतो, नाहीतर आनंदाने वेडा झालेला असतो, आणि दोन्ही वेळी जिभेवर त्याचा ताबा नसतो. मी त्या सकाळी आधी घाबरलो आणि मग वेडा झालो. नर्सने दार उघडून "मुलगी झाली, दोघी छान आहेत" असं सांगितलं आणि आम्ही दोन नवे आजोबा, म्हणजे मी आणि माझे व्याही, एकमेकांच्या गळ्यात पडलो. इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं.

मग व्याही डोळे पुसत म्हणाले, "आता आमच्या घराण्याची गोधडी बाहेर काढायची वेळ आली."

"कसली गोधडी?"

"चार पिढ्यांची आहे. पणजोबांच्या काळापासून आमच्याकडचं प्रत्येक बाळ पहिल्यांदा तिच्यातच गुंडाळलं गेलंय."

आमच्या व्याह्यांना जुन्या वस्तूंचा भारी सोस. त्यांच्या दिवाणखान्यात बसलं की आपण वाट चुकून संग्रहालयात शिरलो असं वाटतं. एक घड्याळ आहे, ते स्वतःला पटेल ती वेळ दाखवतं. एक खुर्ची आहे, तिच्यावर बसायला बंदी आहे. प्रत्येक वस्तूला एक पूर्वज आणि प्रत्येक पूर्वजाला एक गोष्ट. आमच्या घरातली सगळ्यात जुनी वस्तू म्हणजे फ्रीज, आणि त्याच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की तो गळतो.

एरवी मला ह्याचं काही वाटत नाही. पण त्या दिवशी ते मला टोचलं. लेक लग्न होऊन त्या घरी गेली, ते मी कसंबसं पचवलं होतं. आता नात आली, तर तिच्या अंगाभोवती त्यांच्या पणजोबांची गोधडी, डोक्याशी त्यांच्या आजीचा दिवा, आणि आमच्याकडून काय? डॉक्टरकडे न्यायला टॅक्सी बोलावणारा आजोबा? आमचं म्हणून त्या पोरीपाशी काहीतरी असावं असं मला फार, फार वाटलं.

"आमच्याकडेही आहे," मी म्हणालो.

"काय?"

"गोधडी. पिढीजात. पाच पिढ्यांची."

चारावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण माणूस व्याह्याशी बोलताना बरोबरीवर थांबत नाही.

"वाहवा!" व्याही म्हणाले. त्यांचा चेहरा किंचित पडल्यासारखा वाटला, पण मी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. "मग वर्षअखेरच्या सुट्टीत सूनबाईला आणि बाळाला तुमच्याकडे सोडायला येऊ, तेव्हा दोन्ही गोधड्या शेजारी शेजारी अंथरू. जुन्या टाक्यांतलं मला जरा कळतं."

घरी आल्यावर मी हे हिच्या कानावर घातलं. ही चपला काढता काढता थांबली.

"पाच पिढ्या? अहो, पाच वर्षं टिकलेला एक टॉवेल दाखवा ह्या घरात."

"मी मिळवीन कुठूनतरी," मी म्हणालो. "जुन्या बाजारात ढिगाने असतात."

हिने लगेच लेकीला फोन लावला. आमच्या घरात काहीही घडलं की ते तासाभरात लेकीच्या कानावर जातं, मग ती प्रसूत होऊन अर्धा दिवस झालेला असो की नसो. आतल्या खोलीतून मला फक्त हिचं हसू ऐकू येत होतं. मी ते मनावर घेतलं नाही.

इथे माझ्या नोकरीबद्दल थोडं सांगणं भाग आहे, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच निघाला. मी वजनमापं खात्यात निरीक्षक आहे. दुकानांत जाऊन तराजू, वजनं, मापं तपासायची, आणि बरोबर असतील तर त्यांवर निळ्या पेन्सिलीने खूण करायची, हे माझं काम. पेन्सिल खात्याची, पक्क्या रंगाची. पाण्याने, साबणाने, कशाने म्हणून जात नाही. खूण माझी स्वतःची: बरोबरची रेघ, तिची शेपटी वर जाऊन थोडी आत वळलेली आणि खाली एक टिंब. माझ्या खुणेची नक्कल आजवर कुणाला जमलेली नाही.

इतकी वर्षं हे केल्यावर हात आपोआप चालतो. एखादी वस्तू नीट पाहून झाली की तिच्यावर खूण होते, मला पत्ताही लागत नाही. माझ्या छत्रीवर आहे. आमच्या दाराच्या चौकटीवर आहे. लेक शाळेत असताना तिच्या वह्यांत बाईंच्या आधी माझी खूण असायची, त्यावरून बाईंनी मला भेटायला बोलावलं होतं. तिच्या लग्नाच्या हॉलमध्ये मी खांब ठीक आहेत ना ते पाहत होतो, तर ही धावत येऊन म्हणाली, "निदान जावयाला तरी सोडा."

तर असा मी एका सुट्टीच्या दिवशी जुन्या बाजारात शिरलो. खाजगी कामासाठी आलो होतो, मनात कसलंच पाप नव्हतं. पण मी गल्लीच्या तोंडाशी पोचलो न पोचलो तोच "साहेब आले" अशी कुजबूज माझ्या पुढे पळत गेली आणि पलीकडच्या टोकाला दोन शटरं खाली आली.

पहिल्याच दुकानदाराने मला पाहून एक पितळी तराजू पोटाशी धरला. "साहेब, हा विकायला आहे. वापरायला नाही. शप्पथ."

"मला तराजू नको. गोधडी हवी आहे. जुनी."

त्याचा चेहरा उतरला. "गोधड्यांचीही तपासणी सुरू झाली का?"

त्याची समजूत घालण्यात बराच वेळ गेला. शेवटी त्याने एका पेटीतून एक गोधडी काढली आणि माझ्यासमोर पसरली. कधीकाळी गडद असेल असा मऊ झालेला तपकिरी रंग, त्याच्यावर मुंगीच्या पावलाएवढे धावदोऱ्याचे टाके, सगळीकडून आत आत फिरत गेलेले. एका कोपऱ्यात मात्र पिवळं ठिगळ, तेही तिरकं, जणू शेवटी कापड संपलं आणि शिवणारणीने हाताला लागेल ते लावलं. कुणीतरी कुणासाठीतरी मांडी घालून बसून केलेलं काम होतं ते. मला खरोखर भरून आलं. मी टेप काढली, चारही कडा पाहिल्या, उजेडात धरून पाहिली, उलटी करून पाहिली. पाहून झाल्यावर पेन्सिल खिशात टाकली आणि म्हणालो, "किंमत बोला."

"साहेब, तुमच्याकडून पैसे? घेऊन जा."

"अशी कशी घेऊन जाऊ? किंमत सांगा."

"नातीसाठी आहे म्हणता ना? माझ्याकडून भेट."

आता आली पंचाईत. ज्याचा तराजू मी तपासतो त्याच्याकडून फुकट गोधडी घ्यायची म्हणजे सरळ सरळ लाच. नातीला पहिल्यांदा गुंडाळायचं आणि तेही लाचेत? मी त्याला रास्त भाव सांगायला सांगितलं. रास्त भाव सांगितला तर आपण अडकू, असं त्याला वाटलं. मी आवाज चढवला तसा तो आणखी घाबरला आणि गोधडीवर एक पितळी तांब्या फुकट देऊ लागला. गल्लीत माणसं जमली. त्यातल्या एकाने दुसऱ्याला सांगितलेलं मी ऐकलं, "साहेब तांब्यावर तयार नाहीत, अजून काहीतरी मागतायत."

माझा इतका अपमान आजवर झाला नव्हता. "मी खात्याची रीतसर परवानगी घेऊन येतो," मी म्हणालो, "तोवर ही कुणाला विकू नका." आणि मान ताठ ठेवून गल्लीतून बाहेर पडलो.

परवानगीचा नियम खरोखरच आहे. आपल्या हद्दीतल्या व्यापाऱ्याकडून काही मोठी खरेदी करायची तर निरीक्षकाने वरिष्ठांना आधी कळवायचं. हा नियम मी स्वतः नव्या लोकांना छाती पुढे काढून शिकवत आलो. तेव्हा सोमवारी अर्ज दिला. आमचे हेडक्लार्क चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिले. त्यांच्या कितीतरी मसुद्यांवर मी निळ्या खुणा केलेल्या, त्यामुळे त्यांना आज चेव आला होता.

"गोधडी वजनावर विकतात की मापावर?" त्यांनी विचारलं.

"नगावर."

"मग आपल्या खात्याचा संबंध काय?"

"संबंध नाही, असंच लिहून द्या की!"

"संबंध नाही असं लिहायला आधी संबंध तपासावा लागतो."

अर्ज वर गेला. वरून खाली आला. आत कापूस आहे की चिंध्या, अशी विचारणा झाली. मी चिंध्या लिहिलं. मग चिंध्या कुणाच्या, असा प्रश्न आला. शेवटी जो शेरा आला तो वाचून मी खुर्चीवर बसलो तो उठलोच नाही. अर्जदाराच्या घरी अशी वस्तू आधीपासून नसल्याबद्दल एका प्रतिष्ठित नातलगाची सही आणावी, असं त्यात म्हटलं होतं. आमच्या नात्यात प्रतिष्ठित म्हणावेत असे एकच गृहस्थ आहेत, आणि माझ्या घरी पाच पिढ्यांची गोधडी आहे हे त्यांना मीच व्हरांड्यात सांगितलेलं.

मी अर्ज मागे घेतला, नियम गेला खड्ड्यात म्हणालो, आणि रोख पैसे घेऊन बाजारात गेलो. मला पाहताच दुकानदाराने हात जोडले.

"साहेब, गेली हो ती."

"कुणाकडे?"

"एक सभ्य गृहस्थ आले होते. भर उन्हात मफलर गुंडाळून, फक्त डोळे दिसत होते. काही घासाघीस नाही. कागदात बांधून घेतली आणि मागच्या गल्लीने गेले."

घरी येऊन हिला सांगितलं. हिने लेकीला सांगितलं. मी खिडकीपाशी बसून त्या मफलरवाल्याला मनातल्या मनात नको नको ते बोललो.

दुसऱ्या कुणी इथे हात टेकून फोनवर कबूल केलं असतं की बुवा नाही आमच्याकडे गोधडी. मी खूप विचार केला आणि ठरवलं की मिळत नाही तर करायची. हिच्या मासिकात नेमका लेख आला होता, सुट्टीतले सोपे छंद, एका दुपारीत गोधडी. शेजारी हसणाऱ्या बाईंचं चित्र. त्या बाईंची दुपार किती लांब असते ते एकदा खात्यामार्फत तपासून घ्यायला हवं.

मी साठवलेली सगळी रजा टाकली. जुने शर्ट, बैठकीचा उतरवलेला पडदा, उशांचे अभ्रे आणि हिचा एक गाऊन, ज्याच्यावरून आमच्यात दोन दिवस अबोला होता, एवढं जमवलं. लोखंडी पट्टीने मोजून चौकोन कापले. असे चौकोन कुणी कापले नसतील. पण जोडायला घेतले तर एकाचंही माप दुसऱ्याशी जुळेना. वजन एकदा पाहून ठेवलं की शब्दाला जागतं. कापड ताणलं की लांबतं, सोडलं की आखडतं, आणि विचारलं तर दोन्ही वेळा मीच खरं म्हणतं.

मी गोधडी शिवतोय ही बातमी जिन्यावरून वर गेली आणि वरच्या मजल्यावरचे तज्ज्ञ खाली आले. हे निवृत्त इंजिनियर, उभा जन्म पूल बांधण्यात गेला, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना पुलासारखी दिसते.

"मधून सुरू करा," ते म्हणाले. "भार मधे येतो."

"काहीतरीच काय!" समोरच्या वहिनी दारातूनच म्हणाल्या. "कडेने धावदोरा घालत घालत आत यायचं. मधून सुरू केलं की झोळ येतो."

"वहिनी, झोळ कमानीलाही येतो, म्हणून कुणी कमान कडेने बांधत नाही."

"तुमच्या कमानीवर बाळ झोपवायचंय का?"

तळमजल्यावरचा शिंपी आवाज ऐकून वर आला. "मशीनवर दोन शिलाया मारून देतो," तो म्हणाला. "हाताने कुणी करतं का आजकाल?" मग ते तिघं माझ्या बैठकीत बसून भांडले, हिने त्यांना चहा दिला, चहा पिऊन ते आणखी भांडले. कुणाचंच मन मोडायला नको म्हणून मी एक बाजू कडेने, एक मधून सुरू केली. दोन्ही शिलाया जिथे भेटल्या तिथे एक टेंगूळ आलं, ते अजून आहे.

दिवाणावर गोधडी पसरून मी मांडी घालून शिवत होतो. सुई बोटात किती वेळा गेली त्याचा हिशेब ठेवला नाही. जोर द्यायचा तर द्यायचा, थर पक्के बसले पाहिजेत, असं मनाशी म्हणत होतो. टाके मुंगीच्या पावलाएवढे काही आले नाहीत. घोड्याच्या पावलांएवढे आले, तेही बिथरलेल्या घोड्याच्या. पण रोज सकाळी चहा घेतला की मी दिवाणावर चढायचो आणि जेवायलाच उतरायचो. नातीसाठी करतोय एवढंच डोक्यात होतं.

शेवटची गाठ मारली आणि मोठ्या थाटात गोधडी उचलली. तिच्याबरोबर दिवाणावरची चादरही उठली.

ही दारात उभी होती. "चादरीसकट शिवलीत?"

"अस्तर," मी म्हणालो. "अस्तर लावायचं डोक्यात होतंच."

"बरंय तुमचं नशीब. चांगली चादर तुमच्या उद्योगात खराब नको म्हणून मी कपाटाच्या तळातली विरलेली काढून घातली होती."

मी खाली वाकून पाहिलं. निळसर रंगाची, धुवून धुवून पुसट झालेली, कसल्यातरी प्राण्यांची चित्रं. मऊ होती. मी ती तशीच राहू दिली, कारण शिवण उसवायची म्हणजे पुन्हा सुरुवात, आणि पाहुणे चार दिवसांवर आले होते.

आता राहिलं वय. गोधडी होती, पण ती पाच दिवसांची दिसत होती.

"चहात भिजवा," तज्ज्ञ म्हणाले. "सगळे तसंच करतात. जुना रंग येतो."

मी आळस करणारा माणूस नाही. ऑफिसच्या कँटीनमध्ये जाऊन उरलेला सगळा चहा बादलीत भरून आणला आणि गोधडी त्यात रात्रभर बुडवून ठेवली. सकाळी बाल्कनीत वाळत घातली. रंग काय आला होता! फक्त वाळल्यावर ती पुठ्ठ्यासारखी कडक झाली आणि घडी घालायला गेलो तर कडकड वाजली. दुपारी पाहतो तर गोधडी हलत होती. आमच्या इमारतीतल्या, शेजारच्या इमारतीतल्या आणि बहुधा पलीकडच्या वस्तीतल्या सगळ्या मुंग्या तिच्यावर आल्या होत्या.

ही कपाळाला हात लावून बसली. "अहो, काळ्या चहात भिजवतात! दूध-साखर घातलेल्या नाही!"

"काळा चहा आपण पितो का कधी? चहा म्हणजे मला हाच माहीत!"

तज्ज्ञांनी हात झटकले. "मी चहा म्हणालो होतो, तुमचा चहा म्हणालो नव्हतो."

मग धुतली. मुंग्या गेल्या. पुन्हा धुतली, साखर गेली. पुन्हा धुतली तर शर्टांचा निळा पडद्याच्या गुलाबीत उतरला, गाऊनचा हिरवा सगळ्यांत मिसळला, आणि दोन दिवस उन्हात पडल्यावर ती गोधडी इतकी थकलेली, सोसलेली, जग पाहिलेली दिसू लागली की पाच काय, सहा पिढ्याही खपल्या असत्या. मी तिच्याकडे पाहून म्हणालो, "जमलं."

पाहुणे आले. लेक आली, तिच्या खांद्यावर मुठी आवळून झोपलेली नात आली, पाठोपाठ जावई पिशव्या घेऊन आणि शेवटी व्याही एक लाकडी पेटी दोन्ही हातांत धरून. विहीणबाई बसल्या बसल्या म्हणाल्या, "ह्यांना सांभाळा जरा, घसा धरलाय का कोण जाणे. मधे भर उन्हात मफलर गुंडाळून कुठे गेले होते, विचारलं तर सांगतही नाहीत."

माझ्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

व्याह्यांनी पांढरे सुती हातमोजे चढवले, पेटी उघडली आणि गोधडी दिवाणावर पसरली. मऊ तपकिरी रंग. मुंगीच्या पावलाएवढे टाके. कोपऱ्यात तिरकं पिवळं ठिगळ.

"पणजोबांनी स्वतः हे कापड आणलं," व्याही सांगू लागले. आवाज जरा घाईचा होता. "आणि ही बघा, ह्या कोपऱ्यातली निळी खूण. ही पणजोबांची. बाळ गुंडाळलं की ते अशी खूण करत."

सगळे वाकले. पिवळ्या ठिगळाच्या शेजारी बरोबरची रेघ होती. शेपटी वर जाऊन थोडी आत वळलेली. खाली टिंब.

हिला जोराचा ठसका लागला आणि ती स्वयंपाकघरात गेली. लेकीने खुणेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं. ज्या पोरीच्या प्रत्येक वहीत ती खूण होती तिला वेगळं सांगायला नको होतं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

खरं सांगतो, मला उकळ्या फुटत होत्या. एक वाक्य बोललो असतो तरी घड्याळ, खुर्ची, दिवा, सगळे पूर्वज एका दमात खाली आले असते. तोंड उघडलंही. पण व्याह्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि मोज्यांतली बोटं गोधडीची कड सारखी सरळ करत होती. हा माणूसही त्या व्हरांड्यात माझ्या शेजारीच उभा होता. तोही आनंदाच्या भरात बोलून बसला आणि मग मफलर गुंडाळून बाजारात हिंडला, ह्याच पोरीसाठी. आणि माझी लेक त्याच्याच घरी परत जायची होती.

"पणजोबांचा हात फार स्थिर होता हो," मी म्हणालो. "अशी खूण सरावाशिवाय येत नाही."

व्याह्यांनी श्वास सोडला. "तुमची काढा आता," ते म्हणाले.

मी काढली. त्यांनी भिंग काढलं, वाकले, वास घेतला. "चहा?"

"आमच्या घराण्यात चहा फार."

"टाके एकाच हाताचे दिसत नाहीत."

"पाच पिढ्या म्हटल्यावर..."

एवढ्यात टेंगळाच्या आतून एक मुंगी बाहेर आली आणि भिंगाखालून चालत गेली. व्याह्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ही कितव्या पिढीची?"

"सहाव्या," मी म्हणालो. माझे कान तापले होते.

काय करावं ते न सुचून मी जावयाने आणलेलं सामान नीट आलंय ना ते पाहू लागलो. बाळाच्या पिशव्या, बाटल्यांचा डबा, सगळं एकेक करून पाहिलं. तेवढ्यात लेकीने स्वयंपाकघरातून परत आलेल्या आईकडे बाळ दिलं आणि माझी गोधडी सहज उलटी केली.

"बाबा!" ती ओरडली. "हत्ती!"

निळसर चादरीवर पुसट हत्तींची रांग होती. लेक गुडघ्यांवर बसून एकेक हत्ती बोटाने चाचपू लागली. "ही माझी चादर. मी लहानपणी हिच्याशिवाय झोपत नव्हते. आई, आठवतं? आणि इथे असेल बघ... हा! हा चष्मेवाला!"

एका हत्तीच्या डोळ्यांवर निळ्या पेन्सिलीने गोल चष्मा काढलेला होता. इतक्या धुण्यांत हत्ती फिके झाले, चष्मा मात्र तसाच. "हा म्हणजे बाबा," ती सगळ्यांना म्हणाली. "मीच काढला होता त्यांच्या खिशातली पेन्सिल घेऊन." मग तिच्या लक्षात आलं की आपण काय बोलून गेलो. तिने सासऱ्यांकडे पाहिलं. "पाच पिढ्यांची नाहीये ही, अप्पा. दोनच पिढ्या. मी आणि ही." आणि तिने आईच्या हातून बाळ घेऊन चष्मेवाल्या हत्तीवर निजवलं. पोरगी टेंगळाला पाय लावून शांत झोपून राहिली.

मी मान खाली घातली. व्हरांड्यातल्या पाच पिढ्या सगळ्यांदेखत पडल्या होत्या आणि समोर जुन्या टाक्यांतलं कळणारे व्याही उभे होते. आता ते काय बोलतात ह्याची वाट पाहण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं. पण मला लाज वाटावी तेवढी वाटत नव्हती. नात माझ्या टाक्यांवर झोपली होती.

पण व्याही त्यांच्या पायाशी ठेवलेल्या बाटल्यांच्या डब्याकडे टक लावून पाहत होते. डब्याच्या झाकणावर ताजी निळी खूण होती. शेजारच्या पिशवीवरही होती. त्यांनी डब्याकडे पाहिलं, पेटीतल्या गोधडीच्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या खिशातल्या पेन्सिलीकडे पाहिलं. त्यांचे कान हळूहळू लाल झाले.

त्यांनी हातमोजे काढले, घडी करून खिशात घातले, आणि माझ्या शेजारी येऊन खाली बसले. त्यांना असं जमिनीवर बसलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.

लेकीने माझ्या खिशातून पेन्सिल काढून घेतली होती. चष्मेवाल्याच्या मागे एक नवा हत्ती काढून ती त्याच्या गळ्यात काहीतरी गुंडाळत होती.

"हे काय?" विहीणबाईंनी विचारलं.

"मफलर," लेक म्हणाली. "अप्पा आहेत हे."

विहीणबाई हसल्या, जावई हसला, का ते दोघांनाही माहीत नव्हतं. व्याह्यांनी बराच वेळ त्या हत्तीकडे पाहिलं. मग लेकीच्या हातून पेन्सिल घेऊन ती माझ्यापुढे धरली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "बाळ गुंडाळून झालं. पणजोबा, खूण करा."

मी नातीच्या पायाशी वाकलो आणि केली.